एकही सुटलेली नाही

नवऱ्याच्या बुटाचा तळ सुटला म्हणून हे सगळं उघडकीला आलं. नाहीतर मी आणि माझे सासरे अजूनही आपल्या कामावर खूश होऊन बसलो असतो.

माझ्या नवऱ्याला एक खोड आहे. घरातली कुठलीही वस्तू हवी असली की तो आधी माझ्या सामानात हात घालतो. त्या दिवशी त्याला बुटाला लावायला गोंद हवा होता. त्याने मी नदीवर नेते ती पत्र्याची पेटी उघडली, आतली ट्यूब काढली आणि बाहेर येऊन टेबलावर आपटली. टक्क असा आवाज झाला.

"हा गोंद आहे की खडू?" तो म्हणाला. "अगं, सीलसुद्धा फोडलेलं नाही. न वापरताच दगड झालाय. कधी आणला होतास?"

"आणला असेल कधीतरी. माझ्या पेटीत कशाला तडमडतोस? दुकानं बंद पडलीत का?"

असं मी खेकसले खरी, पण बोलता बोलताच माझी नजर त्या न फोडलेल्या सीलवर गेली. ती ट्यूब मी हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहत राहिले. नवऱ्याला वाटलं, मी चिडले. तो गुपचूप एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून दुकानात गेला.

तो गोंद एकाच कामासाठी असतो. नदीत नवी शिंपली सापडली की तिच्या पाठीवर नंबराचा बारीकसा बिल्ला चिकटवायचा आणि तिला होती तिथे परत ठेवायचं. गोंद असा पक्का, की शिंपली मेली तरी बिल्ला सुटत नाही. म्हणजे तो एकदाच लागतो. ट्यूब फोडलेली नव्हती, म्हणजे नवी शिंपली सापडलेली नव्हती. आणि याच्या आधीची ट्यूबही अशीच वाळून गेली होती. मीच ती केराच्या डब्यात टाकली होती आणि यादीत होतं म्हणून दुसरी आणली होती. तेव्हा माझ्या डोक्यात काहीच आलं नव्हतं.

नदीतल्या शिंपल्या मोजणं हे मुळात माझ्या सासऱ्यांचं काम. त्यांना सगळे अप्पा म्हणतात, ऑफिसातला शिपाईसुद्धा. मी आधी त्यांच्या हाताखाली लागले आणि मग त्यांच्या घरात आले. सासुरवास म्हणाल तर एवढाच, की नदीवर सैल चप्पल घालून गेलं की ओरडा बसायचा. अप्पा निवृत्त झाले, त्यांचे गुडघे गेले, तशी पाण्यात उतरायची मी. ते काठावर घडीच्या खुर्चीत बसायचे. मी छातीपर्यंतचा रबरी पोशाख चढवून, तळाला काच लावलेली बादली पाण्यावर धरून, वाकून वाकून एकेक शिंपली शोधायची आणि नंबर ओरडून सांगायची.

"एकशे बारा!"

"आहे का म्हातारी? खडकाच्या डावीकडे असेल बघ."

डावीकडेच असायची.

"चारशे सात!"

"तिचा कोपरा तुटलाय. तुटलाय ना?"

तुटलेला असायचा. अप्पांना सगळ्या पाठ होत्या. त्या शिंपल्या माणसापेक्षा जास्त जगतात, त्यामुळे त्यांच्याशी अप्पांची ओळख माझ्या लग्नापेक्षा जुनी. मोजणी संपली की ते हात झटकून म्हणायचे, "एकही सुटलेली नाही!" म्हणजे असं, की त्या पट्ट्यात जी जी शिंपली हाताला लागते तिच्या पाठीवर आमचा बिल्ला असतोच. बिल्ल्यावाचून एकही नाही. याचा त्यांना केवढा अभिमान! बाहेरून पाहुणे तपासायला आले की अप्पा मुद्दाम त्यांनाच पाण्यात उतरवायचे आणि म्हणायचे, बिनबिल्ल्याची शोधून दाखवा. पाहुणे ओलेचिंब होऊन हात जोडत बाहेर यायचे. अभिमान मलाही होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत. आमचा कळसा काखेत नव्हता, शिंपलीच्या पाठीवर चिकटवलेला होता आणि आम्ही तो दरवर्षी मोठ्याने वाचत होतो.

आता माझ्या दुसऱ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण घोडं तिथेच अडलं. कुठला प्राणी, कुठली वनस्पती किती धोक्यात आहे, हे ठरवणारी एक समिती असते. तिच्यात मी आहे. लोकांना वाटतं, जे दुर्मीळ ते धोक्यात. तसं नसतं. एखादी जात मूळचीच थोडी असते आणि वर्षानुवर्षं मजेत जगते. दुसरी ढिगाने असते आणि बघता बघता जाते. म्हणून आमची एक शिडी आहे. सगळ्यात वरची पायरी 'चिंता नाही'. तिथून खाली येत जायचं: संकटाच्या जवळ, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त. शिडी संपते तिथे नामशेष. बाजूला आणखी एक ओटा आहे, 'माहिती अपुरी' नावाचा. लोक त्याला सुरक्षित समजतात. त्याचा अर्थ एवढाच, की आम्हाला ठाऊक नाही.

कोणाला कुठल्या पायरीवर बसवायचं, हे मनाने ठरत नाही. प्रश्न ठरलेले असतात. गेल्या तीन पिढ्यांत संख्या किती घटली? आता किती जागेत उरलेत? पिल्लं देऊ शकणारे प्रौढ किती? ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात वाईट येईल, त्याची पायरी धरायची. रूपाला गुण नाहीत, उपयोगाला नाहीत, दयेला तर नाहीतच. माझ्या स्वभावाला हे मानवतं. घरी-दारी इतकी माणसं मनाला येईल तसा न्याय करतात, की निदान ऑफिसात तरी नियम असलेला बरा वाटतो.

आमची शिंपली 'चिंता नाही'वर होती. शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी आमच्या पट्ट्यावरून अख्ख्या नदीची व्हायची. आमच्याकडे आकडा ढळत नव्हता. वर्षाकाठी एखाददुसरी मेलेली सापडायची तेवढीच. म्हणजे नदीत हजारोंनी आहेत आणि ठणठणीत आहेत. खाली मोठा बंधारा झाल्यापासून वर येणारा करड्या पाठीचा मासा जवळपास दिसेनासा झाला होता. शिंपलीची पिल्लं जन्मल्याबरोबर त्याच माशाच्या कल्ल्यांना चिकटतात, तिथे वाढतात आणि मग तळाशी पडून स्वतःचा संसार मांडतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "मासा कमी झाला तरी शिंपल्यांचं बरं चाललंय," असं अप्पाच अहवालात लिहायचे. पुढे तेच वाक्य मी लिहायला लागले.

आणि आता तो बंधारा पाडून नवा बांधायचा होता. नकाशे तयार होते. वरच्या पाण्यातली एखादी जात संकटाच्या पायऱ्यांवर असेल, तरच भिंतीत माशांना चढायला वाट ठेवायची, असा नियम होता. नसेल तर सलग भिंत, आणि ती भिंत माझ्यानंतरही उभी राहणार. नकाशावर शेवटची सही व्हायच्या आधी आमच्या समितीची एकच बैठक उरली होती.

अप्पा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. मी ती ट्यूब त्यांच्या मांडीवर ठेवली.

"वाळली," ते म्हणाले. "मग? नवी आण."

"सील बघा, अप्पा."

त्यांनी चष्मा वर केला, ट्यूब फिरवून पाहिली आणि हसले. "म्हणजे आपलं काम किती पक्कं! चिकटवायला एक उरलेली नाही."

"जुन्या एकही सुटलेल्या नाहीत, कबूल. पण नव्या कुठायत?"

ते हसू तसंच राहिलं त्यांच्या चेहऱ्यावर, उतरायला वेळ लागला. मग त्यांनी पेपरची घडी केली. "पिल्लं गाळात असतात. वरून दिसत नाहीत. उद्या चाळण्या घे."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नदी चाळली. आमचा पट्टा, वरचा, त्याच्याही वरचा. मी तळातली वाळू उपसून आणायची, अप्पा खुर्चीत बसून मांडीवर चाळणी धरून ती धुवायचे. गोगलगाई निघाल्या, खडे निघाले, कुणाचं तरी बटण निघालं. शिंपलीचं पिल्लू निघालं नाही. शेवटच्या दिवशी अप्पा एक गोल चपटा खडा परत परत धूत होते. मला लांबून दिसत होतं तो खडा आहे ते. त्यांनाही दिसत असणारच. मी पुढची वाळू उपसायला वळले.

खरं भांडण जेवणाच्या टेबलावर झालं. आमच्या नियमांत एक वाक्य आहे: ज्या प्रौढांकडून यापुढे नवी पिढी येणार नाही, ते मोजू नयेत. नुसते आहेत म्हणून मोजायचे नाहीत. कारण त्यांच्या आकड्यावर विसंबून आपण निर्धास्त राहतो आणि ते एकदम संपतात. हे वाक्य अप्पांनीच मला शिकवलं होतं, एका झाडाच्या बाबतीत. झाडाच्या बाबतीत ते त्यांना पटायचं.

"मग तू प्रौढांच्या रकान्यात काय लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"शून्य."

"शून्य? अगं, मी त्यांना एकेकीला ओळखतो. नदीत जा, हात लाव, झाकण मिटून घेतात. जिवंत आहेत त्या!"

"जिवंत आहेत, कोण नाही म्हणतंय? पण मोजल्या तर भिंत सलग होणार. मोजल्या नाहीत तरच माशाला वाट मिळणार. मला काय हौस आली आहे?"

"माझं सगळं आयुष्य गेलं त्यांना मोजण्यात आणि तू एका फटक्यात—"

"नियम आहे, अप्पा. तुम्हीच शिकवलेला."

त्यांनी चमचा खाली ठेवला. आणि अगदी सावकाश, हिशेब विचारल्यासारखं विचारलं, "या नियमाने आपल्या घरात किती माणसं भरतात गं?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला.

आम्हाला मूल नाही. व्हावं म्हणून जे करतात ते सगळं करून झालं, आणि ते सोडून देऊनही बरीच वर्षं झाली. या वर्षांत मला कोणी विचारलं नाही असं नाही. "काही विशेष?" म्हणून हसत विचारायचे, लग्नात, बारशात, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असताना. फक्त अप्पांनी कधी विचारलं नाही. एकदा त्यांच्या सख्ख्या बहिणीने विषय काढला, तर अप्पा तिला म्हणाले होते, "ताई, चहा पी आणि घरी जा." त्या एका वाक्यावर मी या घरात किती वर्षं निवांत राहिले होते, ते मला त्या टेबलावर कळलं.

"शून्य, अप्पा," मी म्हणाले. "तुम्हाला धरून."

मला रडू आलं नाही. राग आला, आणि रागापेक्षा मोठी लाज वाटली. इतकी वर्षं हा माणूस काहीच मनात ठेवत नाही असं मी धरून चालले होते. म्हणजे त्याने ठेवलं होतं. नीट घडी करून ठेवलं होतं आणि हाताला येताच काढलं. मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन, स्वच्छ असलेली भांडी परत घासली.

पुढचे दिवस वाईट गेले. अप्पा खोलीतून बाहेर येईनात. मी त्यांचा चहा दाराशी ठेवायची आणि न बोलता परत यायची. नवरा दोघांच्या मध्ये निरोप्या झाला. तो म्हणायचा, "बुटाचा तळ काय सुटला, घराचाच सुटला." आधी मला हसू यायचं नाही, नंतर थोडं आलं. पण मी माझा अहवाल लिहिला, आणि रकान्यात शून्यच लिहिलं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ते लिहिणं मला इतकं सोपं का जायचं, हाच विचार मनात येत राहिला.

बैठकीला जुन्या मोजणीचे कर्ते म्हणून अप्पांनाही बोलावलं होतं. आम्ही एकाच गाडीने गेलो आणि वाटभर खिडकीबाहेर बघत बसलो. खोलीत लांब टेबल, एक बिघडलेला पंखा आणि भिंतीवर बंधाऱ्याचा नकाशा. इंजिनिअर नकाशाशेजारी बसला होता, कुणी त्यावर हात टाकेल म्हणून राखण करत असल्यासारखा. मी माझं सगळं मांडलं.

अध्यक्षबाई समजूतदार आहेत. कुणाला दुखवायचं नाही, हे त्यांचं ब्रीद. त्या म्हणाल्या, "तुमची शंका रास्त आहे. पण थोडे दिवस वाळू चाळून इतका मोठा निष्कर्ष काढता येईल का? पिल्लं नजरेतून सुटलीही असतील. मला वाटतं, तूर्त आपण 'माहिती अपुरी' करू या. तीन-चार वर्षं नीट शोध घेऊ. मग बघू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इंजिनिअरने तर पेनाचं टोपणही काढलं. हे बोलणं इतकं सभ्य होतं, की त्याच्यावर ओरडताही येत नव्हतं. तीन-चार वर्षांनी भिंत उभी असणार होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारची खुर्ची कुरकुरली. अप्पा टेबलाला धरून उठत होते.

"माहिती अपुरी नाही," ते म्हणाले. "माहिती भरपूर आहे. माझ्याकडे आहे."

"बसून बोला ना, अप्पा," बाई म्हणाल्या.

"नको. मी त्या पट्ट्यातली शेवटची नवी शिंपली चिकटवली, तेव्हा ही सून आमच्या घरात यायची होती. त्यानंतर दर वर्षी अख्खा पट्टा शोधला. एवढासा असताना नाही सापडला जीव, तर मोठा झाल्यावर तरी सापडायला हवा होता ना? इतक्या वर्षांत वाढून वर आला असता. एकही आला नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" त्यांनी श्वास घेतला. "मी दर वर्षी लिहिलं, एकही सुटलेली नाही. ते खरं होतं. मी त्याला माझी हुशारी समजत होतो."

अध्यक्षबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे मग," बाईंनी हलकेच विचारलं, "प्रौढांच्या रकान्यात तुमच्या मते किती?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"शून्य," ते म्हणाले आणि बसले.

इंजिनिअरने विचारलं, "शून्य असतील तर त्या नामशेषच झाल्या की. मग वाट कुणासाठी ठेवायची?"

"शेवटची मरेपर्यंत नामशेष म्हणत नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "जिवंत आहेत. फक्त मोजायच्या नाहीत."

शिंपली एकदम चार पायऱ्या उतरून 'अतिसंकटग्रस्त'वर गेली आणि भिंतीत माशांची वाट आली. इंजिनिअर कुरकुरला, पण वाट त्याने चांगली काढली, हे कबूल करायला हवं.

बाहेर आल्यावर अप्पा जिन्यात थांबले. "त्या दिवशी मी जे बोललो..."

"हो. बोललात."

"बोलायला नको होतं."

"नको होतं," मी म्हणाले. यापुढे काहीतरी मोठ्या मनाचं बोलावं असं वाटत होतं, पण ते आलं नाही. मी त्यांचा हात धरून त्यांना जिना उतरवला. गुडघे दुखत होते म्हणून धरला, दुसऱ्या कशासाठी नाही.

बंधारा होऊन आता काही वर्षं झाली. वाटेने मासे चढतात असं इंजिनिअर सांगतो. मी दोन-तीनदाच पाहिले आणि तेही त्या करड्या पाठीचे होते की नाही, शपथेवर सांगता येणार नाही. अप्पा आता नदीवर येत नाहीत. पुढच्या खोलीतल्या पलंगावर असतात. दर वर्षी मोजणीच्या आधी ते मुलाला दुकानात पाठवून गोंदाची नवी ट्यूब आणवतात आणि स्वतःच्या हाताने पेटीत ठेवतात. मी परत आले की पहिला प्रश्न ठरलेला.

"फोडलीस?"

"नाही, अप्पा."

ते हाताने उशी सारखी करून घेतात. मग म्हणतात, "बरं. वाच."

पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, "अप्पा, त्या आता मोजायच्या नसतात."

"मोजू नकोस. नुसते नंबर वाच."

तेव्हापासून मी ओल्या केसांनीच पलंगाशेजारी बसते आणि वाचते. एकशे बारा. "आहे?" आहे, अप्पा. चारशे सात. "कोपरा तुटलेली." तीच. जी मेली तिचा नंबर मी गाळते, आणि ते ओळखतात, पण अडवत नाहीत. सगळे नंबर संपेपर्यंत ते जागे राहतात. मग डोळे मिटून म्हणतात, "एकही सुटलेली नाही."

मी उठायला लागले की मिटल्या डोळ्यांनीच विचारतात, "आणि तू? तू जेवलीस का गं?"